हात ठेवला की गप्प

तो आवाज पहिल्यांदा ऐकला रावेतच्या बास्केट ब्रिजवर. संध्याकाळची वेळ, डांगे चौकाकडून येणारी रांग जरा मोकळी झालेली, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, टॅकोमीटरचा काटा तीन हजाराकडे निघालेला. तेवढ्यात मधल्या कन्सोलमधून, पत्र्याच्या डब्यात चार चणे घालून कुणी हलवावेत तसं काहीतरी खुळखुळायला लागलं. मी गिअरच्या दांडीवर हात ठेवला. आवाज बंद. हात काढला, पुन्हा सुरू. पूल संपेपर्यंत मी हे चारदा करून पाहिलं. मागे बसलेली मुलगी म्हणाली, "बाबा, तू हात लावलास की तो लाजतो का?"

लाजत नव्हता. पण तिचं निरीक्षण बरोबर होतं, आणि पुढचे दोन महिने ज्या ज्या माणसाकडे मी ही गाडी नेली त्यातल्या दोघांनी तेवढंही नीट पाहिलं नाही.

गाडी अबार्थ पुंटो. रांजणगावच्या कारखान्यात बनलेली, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. फियाटने ती ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आणली. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि पाच गिअरची हाताने टाकायची पेटी. ऑटोमॅटिक हवी असेल तर दुसरीकडे जा. नाकावर विंचू, कारण कार्लो अबार्थची रास वृश्चिक. आपल्याकडे राशी पाहून गाडीचा रंग ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्या गृहस्थाने राशीवरून कंपनीचं बोधचिन्हच ठरवलं होतं.

पाच दारांच्या या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर सोवळेपणाने वाद घालणारे लोक आहेत. त्यांच्या समाधानासाठी सांगतो की अस्सल दोन आसनी प्रयोगही आपल्या आसपास झाले. गोव्यात १९९८ च्या सुमाराला सॅन स्टॉर्म निघाली, तिच्यात रेनॉचं इंजिन. अलिबागला चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीची उघडी रोडस्टर बांधली, तिच्यात इसुझूचं. दिलीप छाब्रियांची अवंती २०१२ च्या ऑटो एक्स्पोत लोकांनी रांगा लावून पाहिली, तिच्यातही पुन्हा रेनॉ. अंग आपलं, काळीज उसनं. तिन्ही गाड्या मी रस्त्यावर पाहिल्या त्या बोटावर मोजण्याइतक्या वेळा. माझी पुंटो मात्र सेकंडहँड बाजारात मिळाली, आणि ती रोज भाजीही आणते.

आता मूळ दुखण्याकडे. कंपनीची गिअरची दांडी मला लांब वाटायची. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना वरण ढवळतोय असं वाटायचं. म्हणून परदेशातून शॉर्ट शिफ्टर मागवला. सीमाशुल्क धरून एकोणीस हजार. आईला सांगताना मी चार हजार सांगितले. शॉर्ट शिफ्टर म्हणजे काय हे तिला समजावताना मला पहार आठवली. दगड उचकटताना आपण पहारीखाली टेकू देतो. टेकू दगडाजवळ असला तर दगड सहज हलतो, पण हाताला पुष्कळ खाली जावं लागतं. टेकू लांब सरकवला तर हात थोडाच हलवावा लागतो, पण कंबर धरते. गिअरच्या दांडीचंही तसंच. तिच्या बुडाशी एक धातूचा गोळा असतो, तो वाटीत फिरतो, तोच टेकू. समजा गोळ्याच्या वर दांडी २०० मिलिमीटर आणि खाली ५०. म्हणजे चारास एक. खालचा भाग ६५ केला की हे प्रमाण तीनास एकच्या जवळ येतं. हाताचा प्रवास २३ टक्क्यांनी घटतो आणि लागणारा जोर ३० टक्क्यांनी वाढतो. फुकट काहीच मिळत नाही. आई म्हणाली, "मग आधीचं काय वाईट होतं?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

ज्या गाड्यांच्या मागच्या चाकांना जोर जातो, त्यांच्यात गिअरपेटी ड्रायव्हरच्या बाजूलाच लांबवर पसरलेली असते आणि दांडी बहुतेक वेळा थेट तिच्या डोक्यावर उभी असते. १९८९ ची माझदा एमएक्स-५ ज्यांनी चालवली आहे ते तिच्या दांडीबद्दल बासुंदीबद्दल बोलावं तसे बोलतात, ते यामुळेच. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन बॉनेटखाली आडवं, पेटी त्याला चिकटून, आणि दांडी आपल्या मांडीशेजारी. मधलं अंतर दोन केबल कापतात. सायकलच्या ब्रेकच्या तारेसारख्याच, पण ओढतात तशा ढकलतातही. एक केबल आडव्या हालचालीची, कुठल्या ओळीत जायचं ते सांगणारी. दुसरी पुढे-मागे, गिअर प्रत्यक्ष अडकवणारी. दोन्हींच्या टोकांना रबर आणि प्लास्टिकचे बुश असतात.

हे बुश कशासाठी, हा सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास, म्हणजे स्फोट शंभर. सेकंदाला शंभर धक्क्यांची ही थरथर केबलमधून सरळ दांडीकडे निघते. वाटेत रबर असलं तर बरीचशी तिथेच जिरते. माझ्या शॉर्ट शिफ्टरच्या किटबरोबर रबराऐवजी चकचकीत धातूचे गोल सांधे आले होते. त्यांची जाहिरात होती की आता गिअरपेटी तुमच्या तळहातात येईल. ती खरंच आली. खुळखुळत आली.

पहिल्या गॅरेजवाल्याने दोन मिनिटं ऐकलं आणि पेटी खोलावी लागेल म्हणून सांगितलं. साठ हजार. मी तिथून निघालो. दुसऱ्याने कन्सोल उघडून आत काळा फोम कोंबला. आठ दिवस शांतता. नवव्या दिवशी आवाज परत आला, या वेळी फोमातून, म्हणजे उशीत तोंड खुपसून कुणी बडबडावं तसा. दोघांचीही मला गंमत वाटली, कारण पुणे-चाकणचा हा सगळा पट्टाच आवाज मारण्यावर पोट भरतो. पुण्यात १९६६ पासून वाहन संशोधनाची एआरएआय आहे, तिथे आवाज आणि थरथर मोजायच्या स्वतंत्र प्रयोगशाळा आहेत. चाकणच्या कारखान्यांतल्या माणसांना विचाराल तर ती 'बीएसआर' म्हणतात. बझ, स्क्वीक, रॅटल. गाडीतल्या नको त्या आवाजांची इंग्रजीत एवढी तीन खाती.

आपल्याकडे खाती जास्त आहेत, हे मला तिसऱ्या माणसाकडे कळलं. मुकाई चौकाच्या अलीकडे, बीआरटीच्या रस्त्याला समांतर गल्लीत त्याचं दोन गाड्या मावतील एवढं शेड आहे. पारनेरकडचा. एका मोठ्या कंपनीच्या ट्रायल विभागात बावीस वर्षं नव्या गाड्या खड्ड्यांतून चालवून आवाज शोधायचं काम केलेलं. सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही. त्याने गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "खडखड का खुळखुळ?"

मी म्हटलं, फरक काय?

"खडखड म्हणजे जड काहीतरी सुटलंय. खुळखुळ म्हणजे सुटलंय पण कोंडलेलं आहे, बाहेर पडत नाही. किरकिर असली तर दोन कोरड्या गोष्टी घासतायत. झिणझिण म्हणजे पातळ पत्रा. घरघर आली की बेअरिंग, तिथं मग बोलायचं नाही, खोलायचं."

माझं खुळखुळ. दादाने मान डोलावली, जणू ताप किती हे कळलं. मग तो शेजारच्या सीटवर बसला आणि म्हणाला, चला.

त्याची तपासणी मी लिहून ठेवण्यासारखी पाहिली. आधी गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. क्लच दाबायला लावला, सोडायला लावला. आवाजात फरक नाही. फरक पडला असता, क्लच दाबल्यावर खडखड थांबली असती, तर संशय पेटीतल्या बेअरिंगवर किंवा मोकळ्या फिरणाऱ्या दातेरी चाकांवर गेला असता. साठ हजारवाल्याने ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा केली नव्हती. मग रस्त्यावर. तिसऱ्यात तीन हजाराला आवाज आला तसं त्याने दांडीला एका बोटाने फक्त डावीकडे दाब दिला. आवाज गेला. उजवीकडे दिला, गेला. पुढे-मागे दिला, अर्धाच गेला. "दोन जागा आहेत," तो म्हणाला. परत आल्यावर दांडीची मूठ काढून ठेवली आणि इंजिन रेस केलं. वरचं वजन गेल्यामुळे तोच आवाज तीन हजारावरून साडेतीन हजारावर सरकला. शेवटी गाडी रॅम्पवर घेतली, सायलेन्सरवरचा उष्णतेचा पत्रा हाताने दाबून पाहिला, कारण अशा दहा तक्रारींत तीन वेळा गुन्हेगार तोच निघतो, म्हणाला. तो घट्ट होता. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक दांडीच्या घराला आणि मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावून तो डोळे मिटून उभा राहिला. शेडमधला पोरगा तेवढा वेळ कॉम्प्रेसर बंद करून थांबला होता.

कन्सोल खोलल्यावर पंचनामा असा झाला. एक, वाटी. किटमधली नायलॉनची कडी गोळ्याभोवती सैल. व्हर्नियरने गोळा १६ मिलिमीटर, कडीचं भोक १६.३५. म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटरचा प्ले, जो वर मुठीपाशी दीड-दोन मिलिमीटरचा झोका होतो. आणि ती कडी खालून दाबून धरायला स्प्रिंगच नाही. झिजेल तसं अंतर वाढतच जाणार. दोन, केबलच्या टोकाचे धातूचे सांधे. आणि तीन, आडव्या केबलच्या पिनेवर ई-क्लिपच्या जागी गुंडाळलेली बांधकामाची तार.

दादाने तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे कोणी केलं?"

मी केलं होतं. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या हाताने किट बसवताना ती क्लिप टणकन उडून पावसाच्या पाण्याच्या जाळीत गेली. समोर सुरू असलेल्या इमारतीच्या कामावरून वीतभर तार आणली आणि पीळ दिला. तात्पुरतं म्हणून. हे सगळं मी दादाला थोडक्यात सांगितलं. तो ओरडला नाही, एवढंच म्हणाला की खंडाळ्याच्या घाटात ही पीन निसटली असती तर गाडी ज्या ओळीत होती त्याच ओळीत अडकली असती. मग त्याने धातूचा सांधा चिमटीत धरून विचारलं, "कंपनीनं रबर काय हौस म्हणून घातलंय का?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे: "ढिलाई दोन तऱ्हेची असते सर. एक ठेवलेली, एक आलेली. तुम्ही ठेवलेली काढलीत आणि आलेली बसवलीत."

कंपनीचे रबरी बुश कुठून आणायचे हा प्रश्न आला. पूर्वी अशा वेळी लोक चिखलीजवळच्या कुदळवाडीत जायचे. भंगाराच्या शेडांच्या त्या जंगलात कुठल्याही गाडीचं काहीही मिळायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो पत्र्याची बांधकामं पाडली. आगी लागायच्या, धूर व्हायचा, हे खरंच होतं. पण बंद झालेल्या गाड्यांचे सुटे भाग शोधणाऱ्यांचं तीर्थक्षेत्रही त्याबरोबर गेलं. मी हताश होऊन घरी आलो तर आईने शिवणाचा डबा पुढे केला. बटणं, हुक, आणि त्यांच्यात माझे दोन्ही रबरी बुश. किट बसवल्या दिवशी मी ते कचऱ्यात टाकले होते. "चांगलं रबर होतं," ती म्हणाली, "मिक्सरच्या पायाला लागेल म्हणून ठेवलं." एकोणीस हजाराची बातमी तिला त्याच दिवशी समजली. पण ते इथे नको.

राहिली वाटी. दादाने कागदावर आकृती काढली: एका अखंड कडीऐवजी दोन अर्ध्या वाट्या, एक वरून, एक खालून, आणि खालच्या वाटीखाली लाटेसारखी वाकवलेली स्प्रिंगची चकती, वेव्ह वॉशर. झीज झाली तरी चकती खालची वाटी वर ढकलत राहील. कागद घेऊन मी भोसरीला गेलो तो गुरुवारी, आणि अर्थातच सगळे शटर खाली. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी गुरुवारी असते हे इथे पंधरा वर्षं राहून मी विसरलो. शुक्रवारी पुन्हा गेलो.

दादाने ज्या टर्नरकाकांचा पत्ता दिला होता त्यांचं दुकान म्हणजे एक लेथ, एक ड्रिल, भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर आणि दारात चपला. काका बार्शीकडचे, साठीचे. आकृती हातात घेऊन त्यांनी आधी उलटी धरली, मग सुलटी, मग माझी जुनी नायलॉनची कडी नखाने खरवडून पाहिली.

"हे नायलान पानी पितंय साहेब. पावसाळ्यात फुगतंय, उन्हाळ्यात आकसतंय. कोन्या शान्यानं घातलं?"

पुस्तकातही हेच लिहिलंय. नायलॉन हवेतली ओल शोषून घेतं आणि त्याचं माप बदलतं. एसीटल, ज्याला दुकानात सगळे डेलरिन म्हणतात, ते ओलीला फारशी दाद देत नाही. काकांनी कोपऱ्यातून पांढऱ्या डेलरिनचा दांडा काढला, करवतीने तुकडा कापला, चकमध्ये धरला. टूल आधी दगडावर घासून वस्तऱ्यासारखं केलं. प्लास्टिकला बोथट टूल चालत नाही, ते कापण्याऐवजी वितळवतं. मग लेथ सुरू झाला आणि खोवलेल्या ओल्या नारळासारखा पांढरा कीस टूलवरून उतरू लागला, अखंड, हातभर लांब. काका तो कीस मधूनमधून बोटाने तोडत होते. गोळ्याची खोलगट वाटी त्यांनी हाताच्या अंदाजाने फॉर्म टूल लावून काढली. अधूनमधून माझा गोळा तीत बसवून, काजळाची पूड लावून, कुठे टेकतो ते पाहत. काळा डाग एका बाजूला आला की पुन्हा एक पुसटसा हात.

मी विचारलं, अगदी घट्ट का करत नाही? प्लेच नको.

काकांनी लेथ थांबवला. "मे महिन्यात गाडी उन्हात उभी करता ना?"

घरी येऊन हिशेब केला. डेलरिन उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दहापट फुगतं. सोळा मिलिमीटरच्या मापात चाळीस अंशांचा फरक पडला तर पाऊण दशांश मिलिमीटरच्या आसपास. आणि बाहेरून धातूच्या घरात आवळलेली वाटी फुगली की आतल्या बाजूला येते. गच्च कातली असती तर दुपारी दोन वाजता हिंजवडीच्या पार्किंगमधून निघताना दुसरा गिअर दोन हातांनी टाकावा लागला असता. काकांनी पाच शतांश मिलिमीटर जागा सोडली. बाकीचं स्प्रिंगची चकती बघेल. दादाचे शब्द मला तिथे लेथसमोर पुन्हा ऐकू आले.

काम चालू असताना ते बोलत होते. एके काळी गिअरच्या मुठीच्या आत बसणारे पितळी आट्याचे तुकडे ते पोत्याने कातायचे. आता चाकणमधूनच महिंद्राच्या विजेवरच्या गाड्या बाहेर पडतात, त्यांना गिअरची दांडीच नाही. मर्सिडीज तर दांडी केव्हाच विसरली. त्याच चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसला मात्र दीड लिटरच्या इंजिनाबरोबर सहा गिअरची हातपेटी मिळते, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग तिचाबी खुळखुळा कराया येतील की कोन तरी."

बसवायला दादाला दीड तास लागला. नव्या वाट्या, खाली चकती, आईच्या डब्यातले रबरी बुश केबलच्या टोकांना परत, पिनेला खरी ई-क्लिप. ती चिंचवडच्या हार्डवेअरच्या दुकानात पाच रुपयांना मिळाली. ग्रीस सिलिकॉनचं, कारण साधं ग्रीस कित्येक रबरांना फुगवून खराब करतं. एक तडजोड झाली: रबर परत आल्यामुळे दांडीत तो करकरीत, काच फुटल्यासारखा टणत्कार राहिला नाही. प्रवास मात्र छोटाच. निम्मा शॉर्ट शिफ्टर माझा, निम्मा कंपनीचा. मला वाटतं, पहिल्या दिवसापासून एवढाच हवा होता.

जाता जाता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक निकाल दिला. दांडीची लांबी नोंदणीपत्रात नसते. पण विमा कंपनीला कळवलेलं बरं. मी कळवलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, "सर, दांडी म्हणजे नेमकं काय?"

चाचणीला आम्ही जुन्या हायवेने देहूरोड ओलांडून घोरावडेश्वराच्या पायथ्यापर्यंत गेलो. तिसरा, अडीच हजार, तीन हजार, साडेतीन. काही नाही. दादा खिडकी वर करून, पंखा बंद करून ऐकत होता. साडेचार हजाराला बारीकशी झिणझिण आली. मी त्याच्याकडे पाहिलं. "ती राहू द्या," तो म्हणाला, "ती इंजिनाची आहे. तिच्यामागं लागलात तर गाडी विकाल."

खंडेनवमीला पेढे घेऊन भोसरीला गेलो. लेथ धुऊन पुसून, चकला झेंडूची माळ, टूलपोस्टवर हळदकुंकू. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि माझी जुनी नायलॉनची कडी मागितली. मला वाटलं फेकायला. त्यांनी स्केच पेनने तिच्यावर लिहिलं: 'पुंटो, रावेत'. मग फळीवरून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा खाली काढला. आत तसलेच पंचवीस-तीस झिजलेले तुकडे, प्रत्येकावर काहीतरी लिहिलेलं: 'राजदूत', 'शिलाई मशीन', 'पालखी रथ', 'लुना', 'डॉक्टर खुर्ची'. कडी त्यांनी वरून टाकली आणि झाकण लावायच्या आधी डबा एकदा कानाशी धरून हलवून पाहिला.